पॉलिश केलेली गाडी दोन धुण्यांत पुन्हा जाळी दाखवते, तेव्हा काय तपासायचं

गुरुजींची काळी गाडी एप्रिलच्या शेवटी माझ्याकडे तिसऱ्यांदा आली. पहिल्यांदा मुलीच्या लग्नासाठी चकाचक करून हवी होती, ती करून दिली. लग्नात धूळ बसली, घरी दोनदा धुतली, मग शाळेसमोर उन्हात उभी केली तर बॉनेटवर पट्टेच पट्टे. दुसऱ्यांदा मी पैसे न घेता करून दिली. पंधरा दिवसांत पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी गुरुजी रागावले नाहीत, आणि तेच जास्त झोंबलं. किल्ली टेबलावर ठेवून म्हणाले, "दादा, तुमच्या शेडात आरशासारखी दिसते अन् उन्हात काढली का पुन्हा तसंच. मले तं काही समजत नाही, आता तुम्हीच पाहा."

माझं दुकान दर्यापूरच्या रस्त्याला. टिनाचं शेड, एक बोअर, एक कॉम्प्रेसर, एक रोटरी मशीन (पॉलिशची चकती नुसती गोल फिरवणारी), एक ड्युअल अ‍ॅक्शन मशीन (हिची चकती फिरता फिरता डुलतेही) आणि हाताखाली एक पोट्टा. गुरुजींच्या गाडीच्या नादात मी तीन वेगवेगळी कंपाऊंड, म्हणजे रंग घासून ओरखडे काढायची पॉलिशं, आणली. पहिलं हलकं असेल म्हणून दुसरं आणलं, दुसरं जुनं असेल म्हणून तिसरं. तिन्ही बाटल्या निर्दोष निघाल्या. दोष होता खिळ्याला टांगलेल्या एका पॅडात, म्हणजे मशीनला लावायच्या फोमच्या गादीत. तिथपर्यंत पोचायला मला दीड महिना लागला, तुम्हाला लागू नये म्हणून लिहून ठेवतो.

आधी ओळखा, परत काय येतंय

उन्हात रंगावर बारीक ओरखडे दिसले की गिऱ्हाईक म्हणतो "जाळी आली". त्या एका शब्दात चार-पाच वेगळे रोग असतात आणि प्रत्येकाचं औषध वेगळं. ट्यूबलाईटखाली पाहू नका, तिचा उजेड पसरट असतो, सगळं झाकतो. उजेड एका ठिकाणाहून आला पाहिजे: सूर्य, नाहीतर अंधारात मोबाईलचा टॉर्च. मी आता संध्याकाळी शेडातले दिवे बंद करून टॉर्चनेच पाहतो.

टॉर्च हलवली की रुंद, सावलीसारखे पट्टे सोबत सरकतात आणि मशीन ज्या वाटेनं फिरली तीच वाट दाखवतात, ते होलोग्राम. रोटरी मशीनवर लोकरी पॅड लावून काम तिथंच थांबवलं की हे हमखास राहतात. उजेडाच्या ठिपक्याभोवती कोळ्याचं जाळं दिसलं तर ते बहुधा पुसण्यातलं. गंमत अशी की ते ओरखडे गोल नसतातच. ते सगळ्या दिशांना असतात, पण उजेडाला आडवे असलेले तेवढेच चमकतात, म्हणून आपल्याला गोल दिसतात. कोरड्या धुळीवर फडकं फिरवणारा प्रत्येक हात हे जाळं विणतो.

तिसरं म्हणजे धुकं. रेघ वेगळी दिसत नाही, पण काळा रंग राखाडी वाटतो, बॉनेटवर दूध पुसल्यासारखा. ड्युअल अ‍ॅक्शन मशीनवर त्या रंगाला न झेपणारा पॅड किंवा कंपाऊंड लावलं की हे होतं. चौथं, टाचणीच्या डोक्याएवढी वेटोळी, एखाद-दुसरी, विखुरलेली. त्यांचा अर्थ पॅडाखाली खडा, मातीचा कण किंवा वाळलेल्या कंपाऊंडची गोळी सापडली होती. आणि पाचवं, पांढऱ्या कडेचे गोल डाग. ते पाण्याचे, मशीनचा त्यात हात नाही. त्यांच्याबद्दल शेवटी.

गुरुजींच्या बॉनेटवर धुकं होतं आणि धुक्याखाली होलोग्रामचे पट्टे. म्हणजे लोकरी पॅडानं पाडलेल्या खुणा फिनिशिंगच्या, म्हणजे शेवटच्या बारीक पॉलिशच्या, हातात निघाल्या नव्हत्या, आणि फिनिशिंगनं स्वतःची भर घातली होती. मग गाडी देताना ती आरशासारखी कशी दिसली?

तेलाचा धोका

गुरुजींना हे मी पाटीवरून समजावलं. ओरखडलेली जुनी दगडी पाटी घ्या, ओलं फडकं फिरवा. काळीभोर होते, एक रेघ दिसत नाही. वाळली की सगळ्या रेघा जागच्या जागी. ते लगेच म्हणाले, "म्हणजे तुम्ही मले ओली पाटी देत होते!" हो, तेच.

कंपाऊंडमध्ये घासणारे बारीक कण असतात, बहुतेक वेळा अ‍ॅल्युमिनियम ऑक्साईडचे, आणि त्यांना सरकतं ठेवायला पाणी, तेल, सॉल्व्हंट. हे तेल बारीक ओरखड्यांत जाऊन बसतं. काही स्वस्त मालात तर ओरखडे बुजवायचा मेणासारखा पदार्थ मुद्दाम घातलेला असतो. काम नीट झालं असो वा नसो, पुसल्यावर गाडी चमकतेच. मग शॅम्पूचे दोन हात आणि वैशाखातलं ऊन मिळून ते तेल काढून नेतात, आणि खरा रंग वर येतो. म्हणजे जाळी "परत" आलेली नसते. ती गेलेलीच नसते.

म्हणून कोणताही पॅनेल (बॉनेट, दार असा एकेक भाग) झाला असं म्हणण्याआधी तेल पुसा. त्यासाठी तयार पॅनेल वाईप मिळतं. ते नसेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल, ज्याला सगळे आयपीए म्हणतात, एक भाग घेऊन त्यात चार-पाच भाग आरओचं पाणी घाला, स्प्रे मारा आणि स्वच्छ मायक्रोफायबरनं टिपून घ्या. न मिसळता नुसतं मारू नका, रंग मऊ पडू शकतो. तापलेल्या पत्र्यावर मारू नका. थिनर तर नकोच, नव्यानं मारलेला रंग असेल तर थिनर त्याला खाऊनच टाकतो. हँड सॅनिटायझरही नको, त्यात जेल असतं आणि ते वेगळेच डाग सोडतं. आणि स्प्रे मारताना शेजारी बिडी ओढणाऱ्याला आधी बाहेर पाठवा, ही वाफ पेट घेते.

पुसल्यावर टॉर्च मारा. आता जे दिसतं तेच तुमचं काम. मी गुरुजींची पहिलीच डिलिव्हरी अशी तपासली असती तर हे लिहायची वेळ आली नसती.

पॅड हेच निम्मं कंपाऊंड

आपल्याकडे दुकानात गेलं की प्रश्न एकच, "कंपाऊंड कोणतं चांगलं?" पॅड कोणता, हे कुणी विचारत नाही. आजीला पितळेचं पातेलं घासताना आठवा. राख तीच. काथ्यानं घासलं तर काळं निघतं पण ओरखडे पडतात, ओल्या मऊ फडक्यानं घासलं तर ओरखडे नाहीत पण करपलेलं निघत नाही. पातेल्यावर काय होईल ते राखेइतकंच तिला धरणाऱ्या वस्तूवर ठरतं. गाडीचंही तेच. एकच बाटली लोकरी पॅडावर कापते, म्हणजे रंगाचा पातळ थर उतरवते, आणि मऊ फोमवर चमकवते.

कारणही साधं आहे. कडक फोम दबत नाही, त्यामुळे कण रंगावर रोवून धरतो. मऊ फोममध्ये कण आत बुडतो, प्रत्येक कणावरचा दाब कमी होतो, खूण उथळ पडते. लोकरीत आणि मायक्रोफायबरमध्ये तर धागे स्वतःही घासतात. हजारो धाग्यांची टोकं कण घेऊन पळतात, म्हणून काप जोरात होतो.

लोकरी पॅड सगळ्यात जोरात कापतो आणि त्यात हवा खेळते म्हणून फोमपेक्षा थंड चालतो. आपल्या उन्हाळ्यात ही जमेची बाजू. पण त्यानं पडलेल्या खुणा पुढच्या हातात काढाव्या लागतात, लोकरी पॅडावर गाडी देऊन मोकळं होणं म्हणजे होलोग्राम विकणं. ड्युअल अ‍ॅक्शन मशीनला मायक्रोफायबर पॅड लावला तर कापायला चांगला, जाळी पटकन काढतो. मात्र मऊ रंगावर, विशेषतः काळ्यावर, तो धुकं सोडतो आणि धाग्यांत मळ लवकर भरतो. फोममध्ये कडकपासून मऊपर्यंत सगळे प्रकार, आणि गोंधळही सगळ्यात जास्त इथंच.

गोंधळ रंगांचा. रूपेस कंपनीचा पिवळा फोम म्हणजे बारीक, फिनिशिंगकडे झुकणारा. लेक कंट्री या कंपनीच्या जुन्या मालिकेतला पिवळा म्हणजे सगळ्यात कडक, कापायचा. कुणीतरी सांगतं "पिवळा पॅड लाव", आपण दुसऱ्या कंपनीचा पिवळा लावतो आणि मग कंपाऊंडला शिव्या घालतो. रंगावर जाऊ नका. पॅड हातात घेऊन दाबा, किती दबतो आणि किती लवकर परत फुगतो ते पाहा. मी आता प्रत्येक पॅडाच्या मागे मार्करनं "काप" किंवा "शेवट" असं लिहितो. पोट्ट्याला रंग लक्षात ठेवावा लागत नाही.

दुसरी गोष्ट भरलेला पॅड. पॅड जितका चालतो तितका त्यात वाळलेलं कंपाऊंड आणि रंगाचा निघालेला कीस साचतो. मग पॅड काचेसारखा गुळगुळीत होतो, काप बंद पडतो, मशीन तापते आणि साचलेल्या गोळ्या वेटोळी पाडतात. माणूस काय करतो? आणखी कंपाऊंड घालतो. पॅड आणखी भरतो. हे चक्र मी स्वतः कित्येक वेळा फिरवलंय. प्रत्येक चौकोनानंतर (एका वेळी घासायला घेतलेला तुकडा), फार तर प्रत्येक पॅनेलनंतर, पॅड साफ झालाच पाहिजे: फोमला नायलॉनचा ब्रश, मायक्रोफायबरला कॉम्प्रेसरची हवा, लोकरीला हवा आणि दातेरी काठी. एका गाडीला कापायचे तीन-चार पॅड आणि शेवटचे दोन-तीन लागतात. एका पॅडावर पूर्ण गाडी उरकणारा कारागीर वस्ताद नसतो, त्यानं फक्त पॅडाचे पैसे वाचवलेले असतात.

पॅड किती दिवस वापरायचा, याचं उत्तर मधोमध बोट दाबलं की मिळतं. फोम उष्णतेनं मध्येच बसतो, वर येत नाही, कधी मागचं वेल्क्रो सुटू लागतं. असा पॅड डुलत फिरतो आणि कडेनं कापतो. फेकून द्या. टायर पॉलिशला वापरा, हवं तर.

एका बॉनेटवर चार चौकोन

तिसऱ्या वेळी मी ठरवलं की आता अंदाज नको. गुरुजींच्या बॉनेटवर मास्किंग टेपनं दीड-दीड फुटाचे चार चौकोन आखले. चारही ठिकाणी फिनिशिंगचं तेच पॉलिश, तीच मशीन, तोच स्पीड, हात फिरवायचा वेग तोच, साधारण सेकंदाला एक इंच, आधी आडवा मग उभा. फक्त पॅड वेगळा. हा नियम पाळला नाही तर चाचणीला अर्थ नाही. एका वेळी दोन गोष्टी बदलल्या की सुधारणा कशानं झाली ते कळत नाही, आणि बिघाड कशानं झाला तेही कळत नाही.

पहिल्या चौकोनाला मायक्रोफायबर: होलोग्राम गेले, धुकं दाट झालं. दुसऱ्याला मधला फोम: होलोग्राम गेले, धुकं अगदी पुसट राहिलं. तिसऱ्याला खिळ्याला टांगलेला नेहमीचा काळा मऊ पॅड, ज्यानं मी दोन्ही वेळा गाडी संपवली होती. चौथ्याला त्याच कंपनीचा तसाच काळा मऊ पॅड, पण पाकिटातून नवा काढलेला. चारही आयपीएनं पुसले, शेडाचं दार लावलं, टॉर्च मारली.

तिसरा धुरकट होता, मधूनमधून वेटोळीही. चौथ्यात धुकं नावाला नव्हतं, अगदी काळं पाणी. खोल होलोग्रामची सावली मात्र तिथं थोडी उरली होती, कारण मऊ पॅडाचा तेवढा काप नसतो. ते मधल्या फोमचं काम.

बाटली तीच, पॅड दिसायला तोच, आणि निकाल दोन. जुना पॅड बादलीत पिळला तर पाणी दुधासारखं पांढरं. आमच्या फिनिशिंगच्या पॉलिशचा रंग असा नाही. मी पोट्ट्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "भाऊ, त्या दिवशी कापाचा पॅड ओला होता ना, तं म्या हाच लावला. पण धुऊन ठेवला होता बाप्पा!"

धुतला होता, खरंच. पण कापाच्या कंपाऊंडचे मोठे कण फोमच्या छिद्रांत एकदा शिरले की एका धुण्यात सगळे निघत नाहीत. पुढच्या वेळी फिनिशिंगच्या पॉलिशमध्ये ते मिसळतात, आणि मऊ पॅड, बारीक पॉलिश असूनही मोठ्या कणांची खूण पडते. शिवाय तो पॅड खिळ्याला, रस्त्याच्या बाजूला. समोरून कापसाच्या गाड्या, ट्रॅक्टर, काळ्या मातीचा उडता भुगा. वेटोळी कुठून आली हे वेगळं सांगायला नको. आता शेवटचे पॅड झाकणाच्या डब्यात, कापाचे दुसऱ्या डब्यात. पोट्ट्याला मी रागावलो नाही. खिळा मीच ठोकला होता.

दुसऱ्या दिवशी पूर्ण गाडी मधल्या फोमनं एक हात आणि नव्या मऊ पॅडानं एक हात अशी केली. कंपाऊंडची चौथी बाटली आणली नाही.

तर क्रम असा ठेवा. निकाल आवडला नाही की आधी पॅड स्वच्छ करून बघा. मग पॅड बदला, एक पायरी मऊ किंवा एक पायरी कडक. मग हाताचा वेग आणि दाब. बाटलीचा नंबर त्यानंतर, आणि मशीनचा सगळ्यात शेवटी.

कंपाऊंडबद्दल थोडकंच

बाटली निर्दोष म्हटलं म्हणजे कोणतीही चालते असं नाही. दोन जातींतला फरक माहीत हवा. एका जातीत कण चालता चालता फुटून बारीक होतात. अशा मालाला पुरेसा वेळ फिरवावं लागतं, चार-सहा फेऱ्या. तेल पारदर्शक व्हायच्या आधी मशीन उचलली तर कण अर्धवट मोठेच राहतात आणि धुकं सोडतात. दुसऱ्या जातीत कण पहिल्यापासून बारीक आणि शेवटपर्यंत तेवढेच. मेग्वायर्सचं एम १०५ हे या जातीतलं सगळ्यांना माहीत असलेलं नाव. त्याला जास्त फिरवून फायदा नाही, उलट वाळतं आणि पीठ उडतं. पहिल्या जातीची सवय दुसऱ्यावर लावली की "हे कंपाऊंड धूळ फार करते" अशी तक्रार येते. बाटलीच्या मागची बारीक अक्षरं वाचा, तिथं फेऱ्या आणि स्पीड लिहिलेलं असतं.

घालायचं किती? नव्या पॅडाला पहिल्यांदा पातळ थर चोळून घ्या, म्हणजे सगळीकडे कण पोचतात. नंतर वाटाण्याएवढे तीन-चार थेंब एका चौकोनाला भरपूर झाले. जास्त घातलं की पॅड कापत नाही, नुसता पोहतो.

ड्युअल अ‍ॅक्शन मशीन वापरणाऱ्यांनी बॅकिंग प्लेटच्या (पॅड जिला चिकटतो त्या चकतीच्या) कडेला मार्करनं एक रेघ ओढावी. मशीन चालू असताना ती रेघ फिरताना दिसली पाहिजे. दाब जास्त झाला की पॅड नुसता थरथरतो, फिरत नाही, रेघ एका जागी दिसते. अशा वेळी तुम्ही घाम गाळताय आणि जाळी जागची हलत नाही. दारांच्या वळणावर हे फार होतं.

आपल्याकडचं ऊन, लाईट आणि धूळ

पॉलिशिंगचे बरेचसे व्हिडिओ थंड, बंद हॉलमधले असतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ वर जातो आणि टिनाच्या शेडात त्याहून बरं काही नसतं. काळा पत्रा उन्हातून आत घेतला तर त्यावर हात टेकवत नाही. अशा पत्र्यावर कंपाऊंड दुसऱ्या फेरीतच वाळतं. वाळलं की तेल संपलं, कण कोरडे घासतात, नवे ओरखडे पडतात आणि पुसताना निघत नाही म्हणून आपण जोरात पुसतो, त्यानं आणखी. मी उन्हाळ्यात काम पहाटे साडेपाचला सुरू करतो आणि दहाला मशीन बंद. गाडी आदल्या संध्याकाळीच आत घेऊन ठेवायची, रात्रभर निवते. तरी वाळत असेल तर चौकोन फूटभराचा करा, स्पीड एक अंक खाली आणा, पॅडावर पाण्याचा अगदी हलका फवारा. कंपाऊंड वाढवू नका.

बंपरवर विशेष जपा. तो प्लॅस्टिकचा, पत्र्यासारखी उष्णता पसरवत नाही, एका जागी तापून रंग सुटतो. कडा आणि घड्यांवर रंग पातळ असतो, तिथं टेप लावूनच काम करा.

लाईटचं सगळ्यांना माहीत आहे. संध्याकाळी पाण्याच्या मोटारी चालू झाल्या की आमच्याकडे व्होल्टेज १७०-१८० वर उतरतं. मशीनच्या डायलवर अंक तोच असतो, फिरणं मात्र मंदावतं. त्यात वीस मीटरची बारीक वायर जोडली असेल तर आणखी. सकाळी जमलेला पॅड आणि पॉलिशचा मेळ संध्याकाळी जमत नाही, आणि आपण पॅडावर शंका घेतो. जाड वायर आणि स्टॅबिलायझर, नाहीतर सरळ सकाळचं काम.

पावसाळ्यात उलटं. हवेत ओल असते, कंपाऊंड वाळतच नाही, चिकट थर राहतो. तो तसाच पुसून गाडी दिली तर पंधरा दिवसांनी बॉनेटवर चट्टे दिसतात. तिथं आयपीएचा एक हात जास्तीचा.

जिथं पॅड बदलून काही होणार नाही

कंपनीतून आलेल्या गाडीच्या रंगाचे सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन असतात. त्यातला वरचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट, ३५ ते ५० मायक्रॉनच्या आसपास. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन धरा. म्हणजे आपण केसापेक्षा पातळ पापुद्र्यावर मशीन चालवतो. कापाचा प्रत्येक हात त्यातले काही मायक्रॉन नेतो आणि ते परत येत नाहीत. उन्हापासून वाचवणारी द्रव्यंही याच थरात. त्यामुळे नखाला अडकणारा ओरखडा मशीननं पूर्ण काढायचा हट्ट धरू नका. कडा गोल करून तो डोळ्यांना कमी दिसेल इतकंच करा. दर दोन महिन्यांनी कापाचा हात मागणाऱ्या गिऱ्हाइकाला नाही म्हणा.

एकाच पॅनेलवर खुणा परत येत असतील तर विचारा, हा पॅनेल नंतर पुन्हा पेंट झालाय का. कंपनीत रंग १४० अंशांच्या आसपास भाजलेला असतो, गॅरेजच्या बूथमध्ये ६० च्या आसपास, आणि खेड्यातल्या शेडात तो हवेवरच वाळतो. असा रंग कित्येक आठवडे आतून बसत राहतो, आकसतो, आणि खाली २००० नंबरचा घासायचा पेपर मारलेल्या रेघा वर उमटतात. ही पॉलिशची चूक नाही. महिना-दीड महिना जाऊ द्या, मग करा.

जुन्या गाड्यांत आणि पिकअपमध्ये क्लिअर कोट नसलेला साधा रंगही सापडतो. फडक्यावर थोडं पॉलिश घेऊन कोपऱ्यात चोळा, फडक्याला गाडीचा रंग लागला तर तो तसला. लाल गाडीला पॅड लाल होतो, घाबरू नका, पण मोजून घासा.

आता राहिले पाण्याचे डाग. अकोला, अमरावती, बुलडाणा या जिल्ह्यांतला पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा आपल्याला नवा नाही. विहिरीचं, बोअरचं पाणी खारं. त्या पाण्यानं गाडी धुऊन उन्हात वाळू दिली की प्रत्येक थेंब आपलं मीठ तिथंच सोडून जातो. ताजा डाग असेल तर पांढरा व्हिनेगर तेवढ्याच पाण्यात मिसळून फडक्यानं ठेवा, मिनिटभरानं धुऊन टाका, चुन्यासारखा थर सुटतो. महिनोन् महिने बसलेला डाग मात्र क्लिअर कोटमध्ये खड्डा करून बसतो. तो मशीननं काढायचा म्हणजे खड्ड्याच्या तळापर्यंत सगळा थर उतरवायचा. परवडत नाही.

पॅडही मी शेवटच्या पाण्यात आरओच्या जारमधून खळबळतो. वीस लिटरचा जार तसाही दुकानात पिण्यासाठी येतोच. बोअरच्या पाण्यात साबणाला फेसच येत नाही, तर पॅडातलं तेल कसं सुटणार?

गाडी दिल्यानंतर

गुरुजींची गाडी या वेळी सकाळी साडेसहाला बाहेर काढली, कोवळ्या उन्हात, आयपीएनं पुसून, एक थेंबही मेण न लावता. म्हटलं आधी उघडी पाहा. त्यांनी वाकून वाकून पाहिलं, चष्मा काढून पाहिलं. मग खिशातला मोबाईल काढून टॉर्च मारली. हे त्यांना मीच शिकवलं होतं. मेणाचा हात त्यांच्या होकारानंतर मारला.

निघताना बॉनेटवर सकाळची धूळ बसलेली दिसली म्हणून त्यांनी गळ्यातला दुपट्टा ओढला. मी हात धरला. "गुरुजी, हे नका करू, यानंच जाळं पडते." ते म्हणाले, "मंग धूळ पुसाची कशी?" म्हटलं आधी पाणी मारा, मग भरपूर साबणाच्या पाण्यात भिजवलेला मायक्रोफायबर वरून खाली, आणि धुतल्यावर सावलीत कोरडी करा. घरी बोअरच आहे म्हणाले. तर शेवटच्या पाण्याला एक जार.

"म्हणजे आम्ही पितो ते पाणी गाडीले?" असं म्हणून ते हसले, पण जार नेतात. महिनाभरानं आले होते, हवा भरायला. बॉनेट टॉर्चनं पाहिलं. पट्टे नाहीत, धुकं नाही. डाव्या कोपऱ्यात मागच्या वर्षीचे चार पांढरे डाग तसेच आहेत, ते मी काढणार नाही असं तेव्हाच सांगितलं होतं.